चांदी काळी पडली नाही

१

लालासाहेबांनी सकाळी पुरुषांच्या कुंडाचं दार उघडलं तेव्हा बाहेर पंचे खांद्यावर टाकून गुडघेदुखीची माणसं उभी होती. हिवाळ्यात ऊनझरीत हे रोजचंच. आत वाफ एवढी दाटलेली, की हातभर पुढचं दिसत नव्हतं. पहिला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात शिरला आणि थिजल्यासारखा उभा राहिला. त्याच्या पोटरीला कुणाचा तरी हात लागला होता.

फौजदार क्रांती मोहिते पोचली तोवर मगदूम सरांना बाहेर काढून दगडी ओट्यावर निजवलं होतं. कुणी तरी अंगावर चादर टाकली होती. पलीकडच्या बायकांच्या कुंडातून दबक्या रडण्याचा आवाज येत होता.

सरांना सगळं गाव ओळखत होतं. धरणेंद्र मगदूम, सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दर हिवाळ्यात गुडघ्यांसाठी ऊनझरीला येऊन राहायचे आणि रविवारी सकाळी पाहुण्यांना घेऊन गावातून फेरी मारायचे. संस्थानाच्या राणीसाहेबांचा आखडलेला हात इथं कसा सुटला, त्यांनी हे काळ्या दगडाचं न्हाणीघर कसं बांधवलं, महायुद्धातून परतलेले जखमी शिपाई इथं महिनोन्महिने कसे राहिले, हे सर असं सांगत की लोक पाणी सोडून त्यांच्याच मागं फिरत. फेरी संपायची ऊनाईच्या देवळात, काठ्यांच्या भिंतीपाशी. इथं बरी झालेली माणसं आपली काठी, कुबडी देवीला देऊन जात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या काठ्या त्या भिंतीवर टांगलेल्या होत्या.

"काल दिवेलागणीला मी सोता कुलूप घातलं," लालासाहेब म्हणाले. ते ओट्याच्या कडेला बसले होते. सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष, आणि क्रांतीचे सख्खे मामा. "आत कोण न्हवतं. मागलं दार नुसतं कडीचं हाय. पहाटं गर्दी व्हायच्या आत तिकडनं आलं आसतील."

"एकटेच?"

"त्यास्नी कोण आडवनार, बाळ? माझा दोस्त हुता त्यो." त्यांनी तोंड फिरवलं.

क्रांतीनं चादर खाली केली. हातापायांची कातडी पाण्यात राहून पांढरीफटक आणि सुरकुतलेली. दोन्ही खांद्यांवर गळ्याच्या बाजूला निळसर डाग. कमरेला चांदीचा करगोटा. तिनं चादर पुन्हा ओढून घेतली, आणि मग हात तसाच ठेवून थबकली. काहीतरी चुकलं होतं. काय ते तिला त्या क्षणी उमगलं नाही.

कपडे खुंटीला होते. चपला आतल्या पायरीजवळ पडल्या होत्या. तिनं कोपरे पाहिले, मागचं दार पाहिलं, बाहेरची पडवी पाहिली.

"मामा, सरांची काठी कुठं आहे?"

लालासाहेबांनी खांदे उडवले.

काठीशिवाय सरांना संडासापर्यंत जाता येत नव्हतं. हे मामांनाही ठाऊक होतं.

२

सर दरवर्षी जिनेश चौगुल्याच्या लॉजवर उतरत. जिनेश तिशीतला, डोळे रडून लाल झालेले. त्यानं सरांची खोली उघडून दिली. गादीवरची चादर मोडलेली नव्हती. टेबलावर ताट झाकलेलं होतं. क्रांतीनं वरची थाळी उचलली. भाकरी वाळून कडक झाली होती, मुगाच्या आमटीवर साय धरली होती.

"हे कधीचं?"

"कालचं संध्याकाळचं. सर दिवस मावळायच्या आत जेवतात. मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. आमच्या आईची पण तीच रीत. म्हणून मी उजेडातच ताट ठेवतो आणि जातो."

"आणि काल जेवले नाहीत, तर तू चौकशी केली नाहीस?"

"काल कुपवाडला गेलो होतो, ताईसाहेब, गिझर दुरुस्तीला टाकलेले आणायला. ताट ठेवून गेलो ते परत यायला उशीर झाला. दार लोटलेलं होतं. वाटलं, झोपले असतील."

क्रांतीनं ताट तसंच झाकलं. जो माणूस आयुष्यभर सूर्य बुडायच्या आत जेवला, तो काल जेवायला परत आलाच नाही. म्हणजे सूर्य बुडला तेव्हा तो दुसरीकडं होता. पहाटे कुंडावर गेला ही गोष्ट तिथंच लटकी पडत होती.

"कुणाशी भांडण?"

"रिसॉर्टवाल्या राजवर्धनशी. परवा इथं अंगणातच. सर ओरडणारे नव्हेत, पण ओरडले."

राजवर्धन डोंगराच्या वरच्या अंगाला बांधलेल्या रिसॉर्टचा व्यवस्थापक. मूळचा साताऱ्याचा, बोलायला गुळगुळीत. त्यानं क्रांतीला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा यायच्या आत त्याचा चेहरा उतरला.

"मी काल दुपारपासून कराडला होतो, मॅडम. लग्न होतं. फोटोतसुद्धा आहे मी."

"सर काय म्हणाले तुम्हाला?"

"म्हणाले, तुमच्या बोअरनी झऱ्याचं काय केलंय ते रविवारच्या फेरीत सगळ्यांसमोर सांगतो. मी विचारलं, काय केलंय? तर म्हणाले, आधी खात्री करतो." त्यानं कप खाली ठेवला. "मॅडम, आमच्या बोअरना परवानगी आहे. पण मी माणूस मारणार नाही."

आज रविवार होता. ती खाली उतरली तेव्हा माधवनगरहून आलेली बस देवळापुढं उभी होती. म्हाताऱ्या बायका, वाकलेली माणसं, एक मुलगी चाकाच्या खुर्चीत. कुंड बंद असल्याचं कळल्यावर ती सगळी देवळाच्या आवारात सावली धरून बसली होती. फेरी घ्यायला सर येणार म्हणून ही माणसं आली होती, आणि सर गेल्याचं त्यांना नुकतंच कुणीतरी सांगितलं होतं.

क्रांती देवळात गेली ती दोन मिनिटं डोकं टेकावं म्हणून. गाभाऱ्यात गंधकाची धुरी जळत होती. तिनं वर पाहिलं. काठ्यांची भिंत धुळीनं राखाडी झालेली, जुन्या काठ्यांवर कोळ्यांची जाळी. त्या सगळ्यांत एकच काठी स्वच्छ होती. मूठ पितळेची, खाली रबराची नवी टोपी. मुठीवर सरांचं नाव होतं, त्यांच्या लेकीनं कोरून घेतलेलं.

बऱ्या झालेल्यांच्या भिंतीवर, खुनी हातानं, मेलेल्या माणसाची काठी टांगली होती.

तिनं पुजाऱ्याला हाक मारली.

३

पुजाऱ्यानं हात जोडले. दिवसभर कोण ना कोण काठी आणून टांगतं, त्याचं लक्ष नसतं. क्रांतीनं काठी कापडात गुंडाळून घेतली.

कराडहून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. फुप्फुसात पाणी होतं, म्हणजे सर बुडूनच गेले. खांद्यावरचे डाग बोटांचे, समोरून दाबल्याचे. वेळेबद्दल मात्र डॉक्टर चाचरले. गरम पाण्यातल्या देहाचा अंदाज बांधणं कठीण, पण कातडी पाहता रात्रभर पाण्यातच असावेत.

रात्रभर पाण्यात. आणि मग सकाळी खटकलेली गोष्ट क्रांतीला एकदम आठवली.

करगोटा पांढराशुभ्र होता.

ऊनझरीच्या पाण्यात चांदी टिकत नाही हे इथलं पोरसुद्धा सांगेल. पाण्यातल्या गंधकानं ती पाहता पाहता काळी ठिक्कर पडते. लहानपणी पैंजण न काढता उतरल्याबद्दल क्रांतीनं आईचा मार खाल्ला होता. दोन्ही कुंडांच्या दारावर पाटीच आहे, चांदीचे दागिने काढून ठेवावेत. आणि सरांचा करगोटा रात्रभर पाण्यात राहून जसाच्या तसा.

मग सर या पाण्यात मेलेच नाहीत. दुसऱ्या कुठल्या पाण्यात बुडवून, रात्रभर तिथंच ठेवून, सकाळी दार उघडायच्या जरा आधी मागच्या दारानं कुंडात सोडलं असणार.

लॉजच्या मागं विहिरीच्या पाण्याची मोठी झाकलेली टाकी होती. क्रांतीनं जिनेशला टाकीपाशी उभं केलं.

"झाकण काढ."

त्यानं काढलं. मग तिच्या चेहऱ्याकडं बघता बघता त्याच्या लक्षात आलं.

"ताईसाहेब, मला सरांनी शिकवलंय. माझ्या बापाच्या जागी होते."

"काल ताट ठेवायला तूच खोलीत गेला होतास. काठी तुला सापडू शकते. मागच्या दाराला कडी आहे हे तुला माहीत आहे."

"सकाळी त्यांना बाहेर काढायला मी होतो," जिनेश म्हणाला. तो रडत होता, पण शब्द स्पष्ट होते. "त्यांच्या काखेत हात घालून मीच उचललं. आतपर्यंत गरम होते, हो. पाठ, मांड्या, सगळं. आमच्या टाकीत हात घालून बघा तुम्ही."

तिनं हात घातला. बर्फासारखं पाणी. कोपरापर्यंत कळ गेली. या पाण्यात रात्र काढलेला देह कुंडात थोडा वेळ ठेवून आतपर्यंत तापणार नाही.

म्हणजे सर रात्रभर गरम पाण्यातच होते. पण असं गरम पाणी, ज्यात चांदी काळी पडत नाही.

क्रांती टाकीपाशीच उभी राहिली. तिला पुढचा विचार करायचा नव्हता. ऊनझरीत माणूस गळ्यापर्यंत बुडेल एवढं गरम पाणी एकाच ठिकाणी होतं.

ती न्हाणीघरात परत आली, दार आतून लावलं आणि पायरीवर बसून पायातली जोडवी काढली. सासूनं घातलेली, लग्नापासून पायातच असलेली. ऊनझरीला बदली होऊन वर्ष झालं, पण कुंडात उतरायला तिला सवड कधी मिळालीच नव्हती. तिनं जोडवी तळहातावर घेऊन हात पाण्यात बुडवला आणि वाट पाहत राहिली. हात लाल झाला. वाफेनं वर्दी ओली झाली. तिनं हात वर काढला.

जोडवी पांढरी होती. घासून ठेवल्यासारखी.

तिनं ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. लहानपणी या पाण्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास यायचा, पोरं नाकं धरून उतरायची. आता पाण्याला वासच नव्हता. इथं दरवळत होता तो काडी ओढल्यावर येतो तसला वास, आणि तो येत होता धुरीतून. डासांसाठी म्हणून ट्रस्टनं सुरू केलेली धुरी. द्राक्षबागांवर धुरळतात ते गंधक देवळात आणि दोन्ही कुंडांच्या कोनाड्यांत अहोरात्र जळत होतं.

चांदी बाहेर काढून ठेवा, अशी पाटी असल्यावर पाण्याची परीक्षा कोण घेणार? सरांनी घेतली होती. करगोटा न काढता ते मुद्दाम पाण्यात उतरले होते.

झरा मेला होता. बाहेर बसलेली माणसं तापवलेल्या विहिरीच्या पाण्यात देव शोधत होती.

४

एवढं पाणी तापवेल असा बॉयलर गावात एकच होता, ट्रस्टनं भक्तनिवासासाठी म्हणून बसवलेला, आणि त्याची किल्ली अध्यक्षांकडं, म्हणजे मामांकडंच असायची. तरीही क्रांती मामांच्या घरी गेली ती त्यांचं नाव वगळता येईल असं काही सापडावं म्हणून.

मामा घरात नव्हते. रंगूबाई मामींनी तिला चुलीजवळ बसवलं, पाण्याचा तांब्या दिला.

"सकाळपासनं पोटात काय न्हाई तुझ्या. आन ह्यांच्याबी. काल आरतीवरनं आलं ते तसंच निजलं. मी म्हनलं, ताप आलाय का, तर बोलंनात."

"काल आरतीला होते मामा?"

"व्हय, पर उशिरा आलं. आरती चालू झाल्यावर. वल्ल्या कापडानीच; आमाला वाटलं, देवासाठनं न्हाऊन आलं. हातात कुणाची तर काठी हुती, ती टांगली. आमी समद्या बायकांनी हात जोडलं. म्हनलं, बरं झालं गं बाई कुणीतर." मामी तव्यावरची भाकरी उलटत होत्या. "कोण बरं झालं ते इचारलं मी घरी आल्यावर. तर माझ्याकडं नुसतं बघत राहिलं."

क्रांतीनं तांब्या हळूच खाली ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

तिनं कराडच्या साहेबांना फोन केला. आरोपी आपला मामा आहे, तपास तुम्ही हातात घ्या, एवढंच सांगितलं. मग ती न्हाणीघराच्या मागं देवकुंडाकडं गेली. झऱ्याचं मूळ तिथं. देवीची जागा म्हणून आत फक्त अध्यक्ष जात.

दार उघडंच होतं. लालासाहेब कोरड्या कुंडाच्या काठावर बसले होते. खडकाची भेग, जिच्यातून इतकी शतकं पाणी उसळत होतं, ती आता नुसती काळी फट होती. तिच्या कडेनं बॉयलरची लोखंडी नळी न्हाणीघराच्या कुंडांकडं गेलेली, आणि ती लपवायला वरून शेणामातीचा गिलावा.

"ये," ते म्हणाले. "तू येनार हे मला सकाळीच कळलं. काठी इचारलीस तवा."

"मी सांगते. चुकलं तर सांगा." तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "सर काल उजेडातच कुंडात उतरले, करगोटा कमरेला ठेवून. तुम्ही दार लावायला आलात तेव्हा त्यांनी तो तुम्हाला दाखवला. ते जेवायला परत गेले नाहीत, म्हणून वेळ तीच. तुम्ही कुलूप घातलं तेव्हा आत कुणी नव्हतं हे खोटं. आत धरून उतरायला कठडा आहे, म्हणून काठी बाहेर दाराला टेकलेली होती. आरतीला येणारे लोक त्या दारावरून जाणार, काठी बघून म्हणणार, सर आत आहेत. तुम्ही चपला आत सारल्या, कुलूप घातलं, आणि मग राहिलेली काठी दिसली ती उचलली. पण लोक समोर आले. काठी हातात घेऊन तुम्ही जाऊ शकाल अशी एकच जागा होती."

लालासाहेबांनी मान हलवली.

"मामा, तुम्ही नाही म्हणा."

"न्हाई कसं म्हनू?" ते कुंडाकडं बघत होते. "दोन पावसाळं झालं. एका सकाळी हात घातला तर पानी गार. मला वाटलं येईल परत. मग आटलंच. वर त्यांनी बोअर मारल्या हुत्या. मी कुनाला सांगू? ह्या पान्यावर गाव उभं हाय. हाटेलं, टपऱ्या, फुलवाल्या बाया. मी म्हनलं, पानी गरम असलं की झालं. मानसं बरी हुत्यात, क्रांती. ह्या पान्यानंबी हुत्यात. म्यां बघितलंय."

"आणि सर?"

"त्यो म्हनला, लाल्या, उद्या फेरीत सांगतो. लोकास्नी खरं कळाय पायजे, मंग समदी मिळून बोअरवाल्याशी भांडू. मी पाया पडलो त्याच्या. पान्यात उतरून, कापडासकट. त्यो म्हनला, मी तुझं नाव घेनार न्हाई. मी त्याचं खांदं धरलं, समजवायला. खरंच समजवायला." त्यांनी आपले दोन्ही पंजे समोर धरले आणि त्यांच्याकडं पाहिलं. "मंग सोडलं न्हाई. त्यो हात मारत हुता तरी सोडलं न्हाई. लढाईत माझ्याकडनं कवा कोन मेलं न्हाई, बाळ. साठीनंतर ह्यो एक."

क्रांती भिंतीला टेकली. याच हातांनी तिला पोहायला शिकवलं होतं, याच कुंडात. लालासाहेबच उठले, धोतर झटकलं आणि तिच्या पुढं होऊन दाराबाहेर पडले.

५

साहेब येईपर्यंत आवारात गाव जमलं होतं. राजवर्धनही खाली आला होता, मागं उभा होता. क्रांतीनं माधवनगरच्या माणसांना आणि गावाला जे होतं ते सांगितलं. झरा आटला आहे. पाणी विहिरीचं आहे. सरांना हे कळलं होतं, म्हणून त्यांना मारलं.

कुणी ओरडलं नाही. फुलवाली बाई हातातला हार ओवता ओवता थांबली. एक म्हातारा म्हणाला, "पर माझा पाय तर सुटला हो," आणि इकडंतिकडं बघत राहिला, कुणीतरी त्याला उत्तर द्यावं म्हणून. रंगूबाई मामींना दोघींनी धरून ठेवलं होतं. नवऱ्याला जीपमध्ये बसवताना त्या क्रांतीकडं बघत होत्या, आणि आपण भाकरी भाजता भाजता काय बोलून गेलो हे त्यांना आत्ता कळत होतं.

जीप गेली. राजवर्धनला साहेबांनी बोअरच्या कागदांसह कराडला यायला सांगितलं. माणसं मात्र उठेनात.

सरांची लेक त्रिशला सांगलीहून आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती शांत होती, फार शांत. क्रांतीनं तिला लॉजच्या पडवीत बसवून सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता, मारणारा आपला मामा आहे हेही.

"बाबांना परवाच शंका आली होती ना?" त्रिशला म्हणाली. "मग ते पोलिसांकडं का नाही आले? निदान जिनेशला सांगायचं. एवढी मोठी गोष्ट घेऊन एकटे का गेले त्यांच्याकडं?"

क्रांतीला उत्तर माहीत होतं.

"आधी दोस्ताला सांगावं, मग जगाला. तुमच्या बाबांना वाटलं, माणूस ओळखीचा आहे."

त्रिशलानं मान वर केली.

"मलाही तसंच वाटत होतं," क्रांती म्हणाली.